संगणक सुरू होताना त्याला पत्ता कोण देतं, आणि कधीकधी वेळेवर का मिळत नाही?

सांजवात (धागाकर्ती)

आमच्या कार्यालयात चाळीसेक संगणक आहेत. ते सांभाळायचं काम वर्षभरापूर्वी माझ्याकडे आलं. गेल्या महिन्यात सगळे स्विच (संगणकांच्या केबली जिथे एकत्र येतात ती खोकी) बदलले आणि तेव्हापासून रोज सकाळी एकच तक्रार आहे: संगणक सुरू केला की पहिलं मिनिटभर नेटवर्क नसतं. पत्ता बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी भलताच दिसतो. मिनिटभरानं आपोआप १० ने सुरू होणारा बरोबर पत्ता येतो आणि मग दिवसभर काही त्रास नाही.

वायफायवरच्या लॅपटॉपना हे होत नाही. आणखी एक गंमत आहे. एका टेबलावर जुना पाच पोर्टांचा साधा स्विच मध्ये लावलेला आहे. त्याच्या मागच्या दोन्ही संगणकांना पत्ता लगेच मिळतो!

डीएचसीपी नावाचं काहीतरी पत्ते वाटतं एवढं मला ठाऊक आहे. पण मुळातच एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. ज्याच्याकडे अजून पत्ताच नाही, त्याच्यापर्यंत उत्तर पोचतं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

कुतूहल

हाच प्रश्न मलाही कित्येक दिवस पडलाय. बसलोय वाचायला.

तारवाला

फार चांगला प्रश्न. थोडा लांब प्रतिसाद होईल.

नुकत्याच जागा झालेल्या संगणकाला स्वतःबद्दल एकच गोष्ट माहीत असते, ती म्हणजे नेटवर्क कार्डावर कोरलेला मॅक क्रमांक. आपण कुठल्या नेटवर्कवर आहोत, सर्व्हर कुठे आहे, यातलं काहीच नाही. म्हणून तो दवंडी पिटतो. पाठवणाऱ्याचा पत्ता ०.०.०.०, घेणाऱ्याचा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे त्या तुकड्यावरच्या, राउटरच्या अलीकडच्या नेटवर्कवरच्या, प्रत्येकाला. या दवंडीचं नाव डिस्कव्हर. ती यूडीपी नावाच्या साध्या पाठवणी-पद्धतीच्या ६८ क्रमांकाच्या पोर्टावरून निघते आणि ६७ वर जाते. (हे पोर्ट म्हणजे स्विचचं भोक नव्हे, पाकीट कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे ते सांगणारा आकडा.)

सर्व्हर आपल्या साठ्यातला एक पत्ता बाजूला काढतो आणि ऑफर पाठवतो. संगणक म्हणतो, हा मला चालेल, आणि रिक्वेस्ट पाठवतो. सर्व्हर नोंद पक्की करून ॲक देतो. झालं काम.

आता तुमचा प्रश्न. उत्तर पोचतं ते आयपी पत्त्याच्या जोरावर नाही, मॅकच्या जोरावर. डिस्कव्हरच्या पोटात संगणकानं आपला मॅक लिहिलेला असतो. सर्व्हर उत्तराच्या पाकिटावर नवा, अजून न दिलेला आयपी लिहितो, पण खालच्या थरात पाकीट थेट त्या मॅकला रवाना करतो. एरवी पाठवण्याआधी ‘हा आयपी कोणाचा?’ असं एआरपीनं विचारायची पद्धत आहे. इथे तसं विचारून उपयोग नाही, कारण तो आयपी अजून कोणाचाच नाही, मग ‘माझा’ म्हणून उत्तर कोण देणार? त्यामुळे सर्व्हरला ती पायरी ओलांडावी लागते.

पत्ता मिळण्याआधी असं थेट आलेलं पाकीट काही संगणकांना घेता येत नाही. त्यांच्यासाठी डिस्कव्हरमध्येच एक बिट आहे. ते १ केलं की सर्व्हर उत्तरही दवंडी पिटूनच देतो. उत्तर आपलंच आहे हे ओळखायला ३२ बिटांचा एक यादृच्छिक क्रमांक असतो. प्रश्नात टाकला तोच उत्तरात परत यायला हवा.

शब्दवेल्हाळ

डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की ‘दोरा’ होतो. म्हणजे धाग्यात दोरा ओवला गेला म्हणायचा :)

सांजवात

@तारवाला, मनापासून आभार. मॅकचा भाग आता लख्ख कळला. पण सर्व्हरनं ऑफर दिली आणि संगणकाला ती पसंत आहे, तर रिक्वेस्टसुद्धा सगळ्यांना ऐकू जाईल अशी का? आता तर सर्व्हर कोण हे कळलेलं असतं.

तारवाला

कारण ऑफर एकापेक्षा जास्त सर्व्हरांनी दिलेली असू शकते. प्रत्येकानं एकेक पत्ता राखून ठेवलेला असतो. रिक्वेस्टमध्ये निवडलेल्या सर्व्हरची ओळख असते आणि ती सगळ्यांना ऐकू जाते. ज्यांची ऑफर नाकारली गेली, ते आपला राखलेला पत्ता मोकळा करतात. एका संदेशात एकाला होकार आणि बाकीच्यांना नकार. मला ही रचना फार आवडते.

निवृत्तमास्तर

थोडा इतिहास सांगतो, कारण आजच्या बऱ्याच गोष्टींचं कारण तिथे सापडतं.

डिस्क नसलेली वर्कस्टेशनं आली तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा टोकदार झाला. डिस्क नाही म्हणजे पत्ता लिहून ठेवायला जागाच नाही. १९८४ च्या आरएफसी ९०३ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे क्रमांकित कागद) रार्प आणला. मॅक सांगा, आयपी घ्या. पण मिळायचा तो फक्त आयपी. सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठपर्यंत ते सांगणारा आकडा) नाही, राउटरचा पत्ता नाही. शिवाय तो इथरनेटच्या थरावरच चालायचा, त्यामुळे राउटरपलीकडे जात नसे आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळा सर्व्हर लागायचा.

१९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी आरएफसी ९५१ लिहिलं, बूटपी. हा यूडीपीवर चालायचा, सुरू होताना कोणती फाइल उतरवायची तेही सांगायचा, आणि मध्यस्थामार्फत (दवंडी ऐकून ती पलीकडच्या सर्व्हरला पोचवणारा) राउटर ओलांडायचा. कमतरता एकच: कोणत्या मॅकला कोणता पत्ता, ही यादी माणसानं हातानं लिहायची. मी ती लिहिलेली आहे. नवीन यंत्र आलं की झाकणावरची बारा अक्षरं डोळ्यांत तेल घालून उतरवायची. ८ च्या जागी बी वाचला की दुपार गेली.

मग १९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांचा डीएचसीपी आला, आरएफसी १५३१. आज आपण वापरतो तो १९९७ च्या आरएफसी २१३१ चा. त्यात नवी गोष्ट म्हणजे मुदत. पत्ता कायमचा द्यायचा नाही, ठरावीक काळापुरता द्यायचा.

पण पाकिटाचा साचा त्यांनी बूटपीचाच ठेवला, मुद्दाम. सुरुवातीचे २३६ बाइट तेच. त्यामागे पूर्वी ‘उत्पादकासाठी राखीव’ म्हणून ६४ बाइट होते, त्याच जागेत आजचे सगळे पर्याय येतात. त्या जागेच्या सुरुवातीला ९९, १३०, ८३, ९९ हे चार आकडे असतात. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) पाकीट उघडा, आजही दिसतील. बूटपीसाठी लिहिलेले मध्यस्थ त्यामुळे डीएचसीपीलाही जसेच्या तसे चालले.

कुतूहल

मास्तर, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली. एक शंका: बाकी सगळे प्रोग्रॅम स्वतःसाठी कुठलंही मोकळं पोर्ट घेतात. मग इथे संगणकाला ६८ च का?

निवृत्तमास्तर

उत्तर दवंडीनं येऊ शकतं म्हणून. ते त्या तुकड्यावरच्या प्रत्येक यंत्रावर पोचतं. पोर्ट कुठलंही मोकळं घेतलं असतं, तर दुसऱ्या यंत्रावर नेमकं तेच पोर्ट वापरणाऱ्या भलत्याच प्रोग्रॅमच्या हातात ते पाकीट पडलं असतं. ६८ सगळीकडे याच कामासाठी राखीव आहे. हे कारण १९८५ च्या त्या मूळ कागदातच दिलंय.

हातचाआकडा

मी वेगळं मत मांडतो. चाळीस संगणकांसाठी एवढा खटाटोप कशाला? पत्ते हातानं भरा, वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे कित्येक वर्षं असंच आहे. संगणक सुरू झाला की त्याच क्षणी नेटवर्कवर. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. सर्व्हर बंद पडला तरी काम चालू.

रात्रपाळी

@हातचाआकडा, आदर ठेवून असहमत. ज्या दिवशी डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बदलेल त्या दिवशी चाळीस टेबलांपाशी जावं लागेल. डीएचसीपी फक्त पत्ता देत नाही. मास्क, राउटर, डीएनएस, घड्याळ मिळवायचा सर्व्हर, सगळं एकत्र देतो. आणि वही कोणाकडे आहे यावर पुढच्या माणसाचं नशीब अवलंबून राहतं.

प्रिंटर आणि सर्व्हर यांचा पत्ता बदलू नये हे मला मान्य आहे. त्यासाठी आरक्षण आहे ना. या मॅकला नेहमी हाच पत्ता, असं सर्व्हरवर लिहायचं. पत्ता स्थिर राहतो आणि नोंद एकाच जागी राहते.

हातचाआकडा

आरक्षणाचा मुद्दा पटला. पण खुद्द राउटर आणि डीएचसीपी सर्व्हर यांना तरी हातानंच पत्ता द्यावा लागेल. पत्ते वाटणाराच पत्ता मागायला निघाला तर पंचाईत.

तारवाला

शंभर टक्के सहमत.

ढगातला

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. एका आभासी यंत्राची लिनक्सची प्रत तयार केली आणि तिच्यावरून सहा यंत्रं काढली. सहाही सुरू झाली आणि सहाही एकाच पत्त्यावर! मी मॅक तपासले, सगळे वेगळे. सर्व्हरची नोंद उघडली तर भाडेकरू एकच.

संध्याकाळपर्यंत डोकं खाजवल्यावर कळलं की यंत्राची ओळख मॅकवरूनच होते असं नाही. ६१ क्रमांकाच्या पर्यायात यंत्र स्वतःची वेगळी ओळख पाठवू शकतं, आणि ती आली की सर्व्हर मॅकऐवजी तीच धरतो. माझ्या यंत्रांवर ही ओळख मशीन-आयडी नावाच्या फाइलवरून बनत होती. ती फाइल मूळ प्रतीतून सहाही ठिकाणी जशीच्या तशी गेली होती. मूळ प्रतीत ती रिकामी केली, यंत्रं परत काढली, सहा जणांना सहा पत्ते.

शब्दवेल्हाळ

अवांतर: ‘लीज’ला भाडेपट्टा हा आपला शब्द चपखल बसतो. मुदत, नूतनीकरण, जागा सोडणं, सगळी भाषा तयारच आहे.

तारवाला

चपखलच. आणि नूतनीकरणाची रीतही शहाण्या भाडेकरूची आहे. मुदत संपायची वाट बघायची नाही. निम्मी मुदत झाली की ज्यानं पत्ता दिला त्याच सर्व्हरला थेट विचारायचं, वाढवता का? उत्तर नाही आलं तर विचारत राहायचं. साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत उलटली की मग दवंडी: कोणीही सर्व्हर मुदत वाढवून देईल का? तेही नाही झालं तर मुदत संपताच पत्ता सोडायचा आणि पुन्हा डिस्कव्हरपासून सुरुवात. म्हणून सर्व्हर तासभर बंद पडला तरी बहुतेकांना कळतसुद्धा नाही. हातचाआकडांच्या ‘सर्व्हर बंद पडला तर’चं उत्तरही यात आहे.

रात्रपाळी

मुदत किती ठेवायची हाही महत्त्वाचा निर्णय आहे. एका सभागृहात पाहुण्यांसाठीच्या वायफायवर मुदत आठ दिवस होती. पाकिटातला फोन आत आला की पत्ता घेणार, माणूस तासाभरात निघून जाणार, पत्ता मात्र आठ दिवस अडकलेला. साठ्यात अडीचशेच पत्ते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कोणालाच पत्ता मिळेना. मुदत एका तासावर आणली आणि प्रश्न मिटला. हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवतात, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे आपोआप होतं. म्हणजे मॅकवर आधारलेलं आरक्षणही फोनच्या बाबतीत बेभरवशाचं.

दुसरा किस्सा माझ्या मनातून अजून जात नाही. रात्री अडीच वाजता एका मजल्यावरचे संगणक एकेक करून बंद पडायला लागले. म्हणजे चालू होते, पण पत्ता १९२.१६८.१ वाला आणि पुढे काहीच जात नाही. आमच्याकडे तो पट्टा वापरातच नव्हता. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटात लावला होता, तोही लॅनच्या पोर्टानं. त्याच्या आतला डीएचसीपी सर्व्हर इमानेइतबारे पत्ते वाटत होता. जवळ असल्यामुळे त्याची ऑफर आमच्या सर्व्हरच्या आधी पोचायची. ज्याची मुदत संपे किंवा जो नव्यानं सुरू होई, तो त्याच्या गळाला लागायचा. एआरपीच्या तक्त्यातून त्याचा मॅक काढला, स्विचच्या नोंदीतून पोर्ट शोधलं, केबल उपटली. पहाटेचे पाच वाजले होते.

कुतूहल

बाप रे. मग कोणीही उठून खोटा सर्व्हर लावू शकतो?

रात्रपाळी

हो. या प्रोटोकॉलमध्ये ‘तू खरा सर्व्हर आहेस का?’ हे तपासायची सोय मुळात नाही. नंतर २००१ मध्ये तशी एक भर घातली गेली, पण ती व्यवहारात रुजली नाही. खरा बंदोबस्त स्विचवर होतो. त्याला डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात. सर्व्हर ज्या पोर्टापलीकडे आहे तेवढंच विश्वासाचं ठरवायचं. बाकी कुठल्याही पोर्टावरून ऑफर किंवा ॲक आला की स्विच तो तिथेच टाकून देतो. ज्याच्या हातात व्यवस्थापन करता येणारे स्विच आहेत त्यानं हे आजच्या आज चालू करावं. हे मी कळकळीनं सांगतोय.

षट्कोन

आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या, लांब रचनेचा, विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. तिथे सुरुवातीलाच चित्र वेगळं आहे. संगणक आधी एफई८० ने सुरू होणारा पत्ता स्वतःच बनवतो, कोणालाही न विचारता. तो आधीच कोणाचा नाही ना हे तपासतो. मग राउटरला हाक मारतो, राउटर सांगतो की या नेटवर्कचा उपसर्ग हा. उरलेले ६४ बिट संगणक स्वतः जोडतो. पत्ता तयार, कुठेही भाडेपट्ट्याची नोंद नाही. डीएचसीपीची व्ही६ आवृत्तीही आहे, पण ती राउटरचा पत्ता देतच नाही. तो राउटरच्या घोषणेतूनच घ्यावा लागतो. डीएचसीपी सर्व्हर एकदम चोख आणि तरी बाहेर काही जात नाही, असं झालं की आधी तिथे बघावं.

हातचाआकडा

पत्ता स्वतःच बनवायचा, हे १६९.२५४ सारखंच झालं की.

षट्कोन

कल्पना सख्खी आहे. १६९.२५४ मध्येही संगणक एक पत्ता यादृच्छिक निवडतो, एआरपीनं तो मोकळा आहे का बघतो आणि घेतो. फरक हा की आयपीव्ही४ मध्ये ती कोणीच उत्तर दिलं नाही तेव्हाची शेवटची सोय आहे, आणि व्ही६ मध्ये ती पहिली पायरी.

तारवाला

आता धागाकर्तीच्या मूळ दुखण्याकडे येऊ, ते मागेच राहिलं.

@सांजवात, १६९.२५४ चा अर्थ सरळ आहे: संगणकानं दवंडी पिटली आणि ठरावीक वेळात उत्तर आलं नाही. मला सर्व्हरवर संशय नाही, तुमच्या नव्या स्विचवर आहे, आणि तो जुना छोटा स्विच हाच माझा पुरावा. पण आधी खात्री करा. एका संगणकावर वायरशार्क लावा, आहे तो पत्ता सोडा म्हणजे तो डिस्कव्हरपासून सुरुवात करेल, केबल काढा, परत लावा आणि किती सेकंदांनी काय गेलं ते टिपून ठेवा. त्याच वेळी सर्व्हरच्या नोंदीत काय पोचलं तेही बघा.

सांजवात

केलं! केबल लावल्यापासूनची सेकंदं देतेय. डिस्कव्हर ०.४ ला, मग ४.९, १३.१, २८.६ आणि ६०.२ ला. पहिल्या चारांना काहीच उत्तर नाही. पाचव्याला एका सेकंदात ऑफर आणि लगोलग बाकीचं. सर्व्हरच्या नोंदीत फक्त पाचवा डिस्कव्हर आहे. पहिले चार तिथे पोचलेच नाहीत!

तारवाला

मग निदान पक्कं झालं. मनगटी घड्याळ लावावं तसं हे जुळतंय.

स्विचवर स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. चुकून दोन केबलींचं वर्तुळ झालं तर दवंडी त्यात फिरत राहील आणि नेटवर्क बुडवेल. म्हणून स्विच नव्यानं जिवंत झालेलं पोर्ट लगेच उघडत नाही. १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो. या ३० सेकंदांत तुमच्या संगणकाचं पाकीट पुढे जात नाही. संगणकाला मात्र केबल लागलेली दिसते, दिवा पेटलेला असतो.

डीएचसीपीचा संगणक दर खेपेला प्रतीक्षा दुप्पट करतो. साधारण ४ सेकंद, मग ८, १६, ३२, प्रत्येकात एक सेकंद इकडेतिकडे. तुमचे आकडे वजा करून बघा: ४.५, ८.२, १५.५, ३१.६. चौथा डिस्कव्हर २८.६ ला गेला, पोर्ट उघडलं तिसाव्या सेकंदाला. सव्वा-दीड सेकंदानं गाडी चुकली आणि पुढची थेट साठाव्या सेकंदाला. अर्ध्या मिनिटाची अडवणूक म्हणूनच मिनिटभराची होते.

छोट्या स्विचचं कोडंही इथेच सुटतं. त्याच्या मागचा संगणक बंद झाला तरी छोटा स्विच चालूच असतो, त्यामुळे मोठ्या स्विचवरचं पोर्ट कधी मिटतच नाही. वायफायचंही तेच. ॲक्सेस पॉइंटची केबल सदैव जिवंत असते.

उपाय: ज्या पोर्टांवर फक्त संगणक आहेत त्यांना ‘एज पोर्ट’ म्हणून जाहीर करा. काही स्विचांवर याला पोर्टफास्ट म्हणतात. पोर्ट लगेच उघडेल. सोबत बीपीडीयू गार्डही (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच पाठवतात ते संदेश) लावा, म्हणजे तिथे कोणी दुसरा स्विच जोडून वर्तुळ केलं तर पोर्ट आपणहून बंद होईल. दोन स्विचांना जोडणाऱ्या पोर्टांना मात्र हात लावू नका.

कुतूहल

२८.६ आणि ३०! अंगावर काटा आला वाचताना.

सांजवात

काल संध्याकाळी सगळ्या टेबलांची पोर्ट एज केली, गार्ड लावला आणि @रात्रपाळी यांचं ऐकून स्नूपिंगही चालू केलं. आज सकाळी एकही तक्रार नाही. केबल लावून पुन्हा मोजलं: डिस्कव्हर ०.३ ला, ऑफर १.३ ला, ॲक त्याच सेकंदात. एक विचारते, तो मधला एक सेकंद कशाचा? बाकी सगळं तर क्षणात होतंय.

तारवाला

अभिनंदन! तो सेकंद सर्व्हरचा आहे. पत्ता देण्याआधी काही सर्व्हर त्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे ‘आहे का कोणी?’ असं विचारून, बघतात. कोणी उत्तर दिलं तर तो पत्ता आधीच कोणीतरी हातानं लावून बसलंय असं समजतात आणि दुसरा देतात. उत्तर येत नाही ना, याची वाट बघण्यात तो सेकंद जातो. राहू द्या तो.

आणि त्या टेबलावरच्या छोट्या स्विचकडे लक्ष ठेवा. कोणी त्याचीच दोन पोर्टं एका केबलनं जोडली तर मोठ्या स्विचचे संदेश फिरून त्याच्याकडेच परत येतील आणि गार्ड ते पोर्ट बंद करेल. मग दोन्ही संगणक एकदम तुटतील.

सांजवात

काढून टाकला. टेबलाखाली भिंतीत दुसरं सॉकेट होतंच, इतके दिवस खुर्चीमागे झाकलेलं. दोन्ही संगणक थेट जोडले, दोघांनाही सव्वा सेकंदात पत्ता मिळाला.